अंधांस ग्रंथ मिळवून देणारा लुई ब्रेल

सार्वजनिक ग्रंथालय म्हणजे सर्वांचे ग्रंथालय, असे आपण म्हणतो. त्याच्या दारावर पाटी असते, आत कपाटे असतात, मेजावर वर्तमानपत्रे मांडलेली असतात, आणि गावातील कोणीही यावे व वाचावे असा त्याचा नियम असतो. परंतु ज्यास डोळ्यांनी दिसत नाही असा एखादा मनुष्य त्या दाराशी आला, तर त्याची स्थिती काय होते ह्याचा विचार आपल्यापैकी किती जणांनी केला असेल? त्यास कोणी मज्जाव करीत नाही, कोणी हाकलून देत नाही. तरी त्या सर्व कपाटांतील एकही पुस्तक त्याच्या उपयोगाचे नसते. दार उघडे, पण ग्रंथ बंद, अशी ही अवस्था आहे. हे बंद ग्रंथ उघडण्याचा मार्ग ज्याने शोधून काढिला, त्याचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. तो कोणी सरदार नव्हता, की मोठा धनिक नव्हता. तो एका खेड्यातील जिनगराचा मुलगा होता, आणि तो स्वतः अंध होता.

लुई ब्रेल ह्याचा जन्म फ्रान्स देशात, पॅरिस शहराच्या पूर्वेस सुमारे ४० किलोमीटरांवर असलेल्या कूव्रे नावाच्या खेड्यात ता. ४ जानेवारी १८०९ रोजी झाला. बापाचे नाव सिमाँ रेने ब्रेल, व आईचे मोनिक. चार भावंडांत लुई सर्वांत धाकटा होता. बाप घोड्यांची खोगिरे, लगाम व चामड्याचे इतर सामान तयार करीत असे. घरातच त्याची कामाची जागा होती, आणि तेथे रापी, आरी, हातोडा वगैरे हत्यारे पडलेली असत.

१८१२ साली, लुई तीन वर्षांचा असता, बापाचे लक्ष नाही असे पाहून त्याने एक अणकुचीदार हत्यार उचलिले, आणि बाप करितो तसे आपणही करावे म्हणून तो कातड्यास भोक पाडू लागला. हत्यार निसटले व त्याच्या डोळ्यात शिरले. जखम चिघळली. जखम चिघळू न देणारी औषधे त्या काळी कोणापाशीच नव्हती. आईबापांनी होते तेवढे उपाय केले, परंतु एका डोळ्याचा विकार दुसऱ्या डोळ्यास जडला, आणि पाच वर्षांचा होतो न होतो तोच मुलास मुळीच दिसेनासे झाले.

त्या काळी गरिबाच्या घरी मूल अंध झाले म्हणजे त्याच्या नशिबी बहुधा भीक मागणे येई. लुईच्या आईबापांनी ही गोष्ट मान्य केली नाही. त्यांनी त्यास घराच्या कोपऱ्यात बसवून ठेविले नाही, तर इतर मुलांबरोबर वाढविले. गावात पाल्वी नावाचे रोमन कॅथलिक धर्मगुरू होते. ते मुलास जवळ बसवून शिकवू लागले. पुढे गावच्या शाळेच्या पंतोजींनीही त्यास वर्गात घेतले. मूल बुद्धिमान होते. एकदा ऐकलेले ते विसरत नसे. परंतु पंतोजींनी पुस्तके उघडा म्हणून सांगितले, की इतर मुले वाचू लागत, आणि लुई हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसे. कानांनी जेवढे मिळेल तेवढेच त्याचे होते. स्वतः पुस्तक उघडून, मागील पान पुन्हा चाळून, न समजलेले वाक्य दुसऱ्यांदा वाचण्याचे जे सुख आपणांस रोज मिळते व ज्याची आपणांस किंमत वाटत नाही, ते त्यास ठाऊकच नव्हते.

पॅरिस येथे अंध मुलांसाठी एक शाळा होती. व्हॅलेंटिन आउई नावाच्या परोपकारी गृहस्थाने ती अठराव्या शतकाच्या शेवटी सुरू केली होती, आणि अंध मुलांस शिकविणारी जगातील पहिली शाळा म्हणून तिची ख्याती आहे. गावातील भल्या माणसांच्या खटपटीने लुईस तेथे जागा मिळाली. ता. १५ फेब्रुवारी १८१९ रोजी, वयाच्या दहाव्या वर्षी, तो बापाचे बोट धरून त्या शाळेत दाखल झाला.

शाळेची इमारत जुनी व दमट होती. मुलांची प्रकृती तेथे नीट राहत नसे. पण लुईच्या मनास दुसरेच दुःख झाले. येथे अंधांसाठी पुस्तके आहेत असे त्याने ऐकिले होते. पुस्तके होती खरी; परंतु ती कशी होती हे सांगितले पाहिजे. आउई साहेबांनी नेहमीचीच रोमन अक्षरे मोठी करून, ओल्या जाड कागदावर दाबून, उठावाची अशी छापविली होती. एक एक अक्षर बोटाने चाचपून, त्याची वळणे, उभ्या व आडव्या रेघा ध्यानात धरून ओळखावे लागे. वाक्याच्या शेवटास येईपर्यंत आरंभ विसरून जाई. पुस्तके अतिशय जड व महाग असल्यामुळे ती संख्येने थोडीच होती. आणि सर्वांत मोठी उणीव ही, की ती अक्षरे अंध मनुष्यास स्वतः लिहिता येत नसत. त्यास स्वतःसाठी काही टिपून ठेवता येईना, की मित्रास चार ओळींचे पत्र धाडता येईना.

आउई साहेबांस आम्ही दोष देत नाही. अंधांस शिकविता येते हे त्यांनी सिद्ध केले, हे त्यांचे उपकार थोर आहेत. तथापि त्यांची अक्षरे डोळ्यांच्या हिशेबाने केलेली होती, बोटांच्या हिशेबाने नव्हे. डोळसास जे सोपे दिसते तेच अंधास सोपे वाटेल, असे त्यांनी धरून चालले. ही चूक पुढे पुष्कळ थोर माणसांनी केली, आणि आजही आपल्या हातून ती होत असते.

१८२१ साली शार्ल बार्बिए नावाच्या एका माजी तोफखाना अधिकाऱ्याने ह्या शाळेपुढे एक नवीच युक्ती मांडली. त्याने अक्षरांच्या आकृती टाकून दिल्या, आणि जाड कागदावर टोचणीने उठविलेल्या टिंबांनी लिहिण्याची रीत बसविली. एका चिन्हासाठी टिंबांच्या दोन उभ्या ओळी असत, व प्रत्येक ओळीत सहापर्यंत टिंबे येत. त्यांवरून ३६ ध्वनींच्या कोष्टकातील एक ध्वनी ओळखावयाचा असे. लिहिण्यासाठी त्याने पाटी व टोचणीही तयार केली होती. मुलांनी बोटे फिरवून पाहिली, आणि टिंबे हातास रेघांपेक्षा चांगली कळतात हे त्यांच्या तत्काळ ध्यानात आले. परंतु त्या पद्धतीत अडचणीही होत्या. एक चिन्ह बारा टिंबांपर्यंत जात असल्यामुळे ते एका बोटाखाली मावत नसे. बोट वरखाली फिरवावे लागे. शब्दांचे खरे स्पेलिंग, विरामचिन्हे, अंक, संगीताचे स्वर ह्यांची तीत सोय नव्हती.

लुई तेव्हा बारा वर्षांचा होता. त्याने ही टिंबे मनावर घेतली. दिवसा शाळेचे काम असे, म्हणून उरलेल्या वेळी व सुट्टीत घरी गेल्यावरही तो पाटी व टोचणी घेऊन बसे. बापाच्या ज्या जातीच्या हत्याराने त्याची दृष्टी गेली, तशाच टोकाच्या साधनाने तो कागद टोचीत होता. तीन वर्षे त्याने निरनिराळे प्रयोग केले. १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याची पद्धती बहुतेक पूर्ण झाली.

ती पद्धती काय आहे, हे आमच्या वाचकांस थोडक्यात सांगतो. दोन उभ्या ओळींत तीन तीन, अशी सहा टिंबांची जागा धरावी. डावीकडची वरून खाली पहिले, दुसरे व तिसरे. उजवीकडची चौथे, पाचवे व सहावे. ह्यांपैकी कोणती टिंबे उठवावी व कोणती सोडावी, ह्यावरून ६३ निरनिराळी चिन्हे होतात. पहिली दहा अक्षरे वरच्या चार टिंबांत बसविली आहेत. त्याच दहांत खालचे तिसरे टिंब मिळविले की पुढील दहा अक्षरे होतात. खालची दोन्ही टिंबे मिळविली की त्यापुढील ओळ होते. म्हणजे दहा आकृती पाठ केल्या, की बाकीच्या आपोआप समजतात. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, की प्रत्येक चिन्ह बोटाच्या शेंड्याखाली एकाच स्पर्शात मावते. बोट थांबत नाही. ते ओळीवरून सरळ पुढे सरकत जाते, जसे आपले डोळे सरकतात. डोळसाने पाहिले तर ह्या टिंबांत अक्षराचे रूप मुळीच दिसणार नाही. पण ती डोळसासाठी केलेलीच नाहीत.

१८२९ साली ही पद्धती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तीत शब्द, संगीत व उपासनेतील गायन लिहिण्याची रीत सांगितली होती. मौजेची गोष्ट ही, की ते पुस्तक जुन्या उठावदार रोमन अक्षरांतच छापावे लागले. कारण नवी अक्षरे अजून कोणास येत नव्हती. बार्बिए साहेबाच्या युक्तीवरून आपणास प्रथम मार्ग दिसला, हा उपकार ब्रेल ह्याने त्या पुस्तकात मोकळ्या मनाने मान्य केला. पहिल्या आवृत्तीत टिंबांबरोबर काही लहान रेघाही होत्या. अनुभवाने त्या अडचणीच्या ठरल्या, म्हणून १८३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने त्या काढून टाकल्या. त्याच साली फ्रान्सचा एक संक्षिप्त इतिहास ह्या टिंबांत छापला गेला. त्याचे तीन भाग झाले. ब्रेल लिपीत छापलेला पहिला ग्रंथ म्हणून तो प्रसिद्ध आहे.

ह्या मधल्या काळात तो विद्यार्थ्याचा शिक्षक झाला होता, म्हणून येथून पुढे आम्ही त्यांचा उल्लेख गुरुजनास शोभेल तसाच करितो. १८३३ साली ब्रेल त्याच शाळेत पूर्ण शिक्षक नेमले गेले. ते व्याकरण, भूगोल, गणित व संगीत शिकवीत. ऑर्गन वाजविण्यात ते निपुण होते, व पॅरिसमधील चर्चमध्ये ऑर्गनवादकाचे काम करीत. स्वभावाने ते शांत व मितभाषी होते. दिलेला शब्द पाळणे, गरीब विद्यार्थ्यास गुपचूप साहाय्य करणे, ह्याविषयी त्यांची कीर्ती होती. पण वयाच्या सव्विसाव्या वर्षाच्या सुमारास त्यांस क्षयरोगाने गाठले. तो रोग पुढे मरेपर्यंत सुटला नाही.

आता त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रसंग सांगावयाचा आहे. १८४० साली शाळेचे प्रमुख पिन्ये, जे ब्रेल ह्यांच्या बाजूचे होते, त्यांस दूर करण्यात आले, व द्युफो नावाचे गृहस्थ प्रमुख झाले. द्युफो ह्यांस टिंबांची लिपी पसंत नव्हती. त्यांचे म्हणणे असे होते, की अंधांची लिपी डोळसांच्या लिपीहून वेगळी असली म्हणजे अंध लोक समाजापासून आणखी तुटतील. शिवाय डोळस शिक्षकांस ती टिंबे वाचता येत नसत. म्हणून त्यांनी टिंबांस बंदी केली, आणि परदेशातील धर्तीवर उठावाची रोमन अक्षरे पुन्हा आणिली.

वाचकहो, द्युफो हे दुष्ट मनुष्य होते असे समजू नये. त्यांचा हेतू अंधांस समाजात आणण्याचाच होता. आणि त्यांचा आक्षेप ब्रेल ह्यांसही पूर्वीच सुचलेला होता. म्हणून १८३९ साली त्यांनी रोमन अक्षराचीच आकृती टिंबांनी काढण्याची आणखी एक रीत प्रसिद्ध केली होती. तिच्या योगाने अंध मुलास आपल्या डोळस आईबापांस वाचता येईल असे पत्र धाडता येई. पुढे त्यांचे अंध मित्र फुको ह्यांनी त्यासाठी एक यंत्रही केले. म्हणजे डोळसांशी दळणवळण राखण्याचा प्रश्न ब्रेल ह्यांनी टाळला नाही. त्यांचे म्हणणे एवढेच होते, की डोळसांस सोयीचे व्हावे म्हणून अंधाच्या हातातील त्याचे स्वतःचे पुस्तक काढून घेऊ नये.

बंदी झाली, तरी मुलांनी टिंबे सोडली नाहीत. ती आपल्या टिपणवह्या लपून टिंबांतच लिहीत, आणि एकमेकांस शिकवीत. लिपी चांगली की वाईट ह्याचा निर्णय वरिष्ठांच्या हुकुमाने होत नाही, ती ज्याच्या हातात आहे त्याच्याच अनुभवाने होतो, हे त्या मुलांनी दाखवून दिले. शेवटी उपप्रमुख ग्वादे ह्यांचे मन वळले, आणि त्यांनी द्युफो ह्यांचे मन वळविले. १८४४ च्या फेब्रुवारीत शाळेच्या नव्या इमारतीचा उद्घाटन समारंभ झाला, तेव्हा सर्व पाहुण्यांसमक्ष ब्रेल ह्यांच्या लिपीची माहिती सांगण्यात आली, व मुलांनी ती लिहून आणि वाचून दाखविली. ज्यांनी बंदी केली त्यांनीच ती उठविली. चूक ध्यानात आल्यावर ती सुधारण्यास मोठे मन लागते, म्हणून ह्याचे श्रेय द्युफो ह्यांसही दिले पाहिजे.

ब्रेल ह्यांस पुढे फार दिवस लाभले नाहीत. रोग वाढत गेला व शिकविणेही हळूहळू कमी करावे लागले. ता. ६ जानेवारी १८५२ रोजी, त्रेचाळिसावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असता, त्यांचा अंत झाला. त्यांच्या खोलीत एक पेटी सापडली, तीत विद्यार्थ्यांस उसन्या दिलेल्या पैशांच्या चिठ्ठ्या होत्या, व त्या जाळून टाकाव्या अशी त्यांची इच्छा होती, असे सांगतात. कूव्रे गावातच त्यांस पुरले. दोन वर्षांनी, १८५४ साली, त्यांच्याच शाळेने त्यांची लिपी अधिकृतपणे स्वीकारली. ते त्यांच्या डोळ्यांदेखत घडले नाही.

परंतु लिपी मिळाली म्हणजे ग्रंथालय मिळाले असे नाही. शाळेतून शिकून गावी गेलेल्या अंध मनुष्यापाशी पुस्तके कोठली? छपाई महाग, ग्राहक थोडे व विखुरलेले. एक साधे पुस्तक टिंबांत उतरविले की त्याचे अनेक जाड भाग होतात. आणि दूरच्या शहरातील ग्रंथालयापर्यंत रस्ता चाचपडत जाणार कोण? ह्या प्रश्नास पुढील पिढीने जे उत्तर शोधिले ते असे, की वाचक ग्रंथालयाकडे येऊ शकत नसेल, तर ग्रंथालयाने वाचकाकडे जावे.

इंग्लंडात आर्मिटेज नावाच्या डॉक्टरांची दृष्टी गेली. त्यांनी १८६८ साली अंधांच्या वाङ्मयासाठी एक संस्था स्थापिली. त्या वेळी तेथे उठावाच्या अक्षरांच्या अनेक पद्धती एकमेकींशी झगडत होत्या. त्यांतील कोणती चांगली हे ठरविण्यासाठी जे मंडळ नेमिले, त्यात स्पर्शाने वाचणाऱ्या माणसांसच घेण्याचा नियम होता, व त्यांस निदान तीन पद्धती येत असाव्या अशीही अट होती. त्यांनी सर्व पारखून ब्रेल ह्यांची लिपी निवडिली. १८७८ साली पॅरिस येथे भरलेल्या परिषदेनेही तिलाच मान दिला. १८८२ साली लंडनमध्ये मार्था आर्नल्ड नावाच्या अंध बाईंनी अंधांस पुस्तके वाचावयास देणारे एक लहानसे ग्रंथालय उघडिले. तेच पुढे वाढून इंग्लंडचे अंधांसाठीचे राष्ट्रीय ग्रंथालय झाले.

त्याच १८८२ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे, विल्यम मून ह्या दुसऱ्या एका अंध गृहस्थाच्या प्रेरणेने, घरोघर जाऊन अंधांस शिकविणारी व पुस्तके पोचविणारी संस्था निघाली. मून ह्यांची स्वतःची लिपी निराळी होती. ती सोप्या केलेल्या रोमन अक्षरांची असल्यामुळे, ज्यांची दृष्टी म्हातारपणी गेली व ज्यांची बोटे कष्टाने राठ झाली, त्यांस ती ब्रेलपेक्षा सोपी वाटे. ह्यावरून हेही ध्यानात येते, की सर्व अंध वाचक सारखे नसतात, आणि एकाच साधनाने सर्वांचे काम भागत नाही.

वॉशिंग्टन येथील अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात १८९७ साली अंधांसाठी वाचनकक्ष उघडला. १९०४ साली तेथील सरकारने अंधांची पुस्तके टपालाने फुकट नेण्याचा कायदा केला. तेव्हापासून दूरच्या खेड्यातील अंध वाचकासही पुस्तक घरपोच मिळू लागले. १९३१ साली अंध प्रौढांस पुस्तके पुरविण्यासाठी सरकारी पैसा मंजूर झाला, व देशभरच्या ग्रंथालयांमार्फत ती वाटली जाऊ लागली. १९३४ साली तबकड्यांवर वाचून ठेविलेली बोलकी पुस्तकेही त्यांत आली. ज्यांस टिंबे शिकणे जमले नाही त्यांचीही सोय झाली. तरी एक घोटाळा पुष्कळ वर्षे राहिला. अमेरिकेत टिंबांच्याच निरनिराळ्या पद्धती होत्या, व हेलन केलर ह्यांच्यासारख्या विदुषीसही पुस्तके वाचण्यासाठी एकाहून अधिक लिप्या शिकाव्या लागल्या. शेवटी १९३२ साली इंग्लंड व अमेरिका ह्यांनी मिळून इंग्रजीसाठी एक ब्रेल ठरविले.

आपल्या देशातही ही टिंबे आली. १८८७ साली अमृतसर येथे ॲनी शार्प ह्या मिशनरी बाईंनी हिंदुस्थानातील अंधांची पहिली शाळा काढिली. आपल्या मराठी मुलखात, १९०० साली, अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड बाईंनी मुंबईत अंध मुलांची शाळा सुरू केली, व ती पुढे दादरची शाळा म्हणून प्रसिद्ध झाली. प्रारंभी आपल्या भाषांसाठी प्रांतोप्रांती निरनिराळ्या टिंबलिप्या होत्या, म्हणून एका ठिकाणचे पुस्तक दुसरीकडे चालत नसे. १९५१ साली भारतातील सर्व भाषांसाठी एकच भारती ब्रेल मान्य झाली, आणि मराठीही आज तीतच लिहिली जाते. तीत पहिले एकच टिंब म्हणजे अ. पहिले व दुसरे म्हणजे ब. पहिले व तिसरे म्हणजे क. ‘कि’ लिहिताना आपण वेलांटी आधी काढितो. टिंबांत मात्र आधी क व मागून इ, म्हणजे उच्चाराच्या क्रमानेच येते. पॅरिसच्या एका पंधरा वर्षांच्या मुलाने बसविलेल्या सहा टिंबांत आपली मायबोली इतकी सहज मावली, ह्याचे आम्हांस फार नवल वाटते.

१९५२ साली, ब्रेल ह्यांच्या मृत्यूस शंभर वर्षे झाली तेव्हा, फ्रान्स देशाने त्यांचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑनमध्ये, आपल्या थोर पुरुषांच्या पंगतीस नेऊन ठेविले. हेलन केलर त्या समारंभास उपस्थित होत्या. कूव्रे गावाच्या आग्रहावरून त्यांचे हात मात्र त्यांच्या गावीच ठेविले आहेत.

पुस्तकांची वाट अडविणारी आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे ग्रंथहक्काचा कायदा. एका देशात तयार केलेले ब्रेल वा बोलके पुस्तक दुसऱ्या देशातील अंध वाचकास देता येत नसे. २०१३ साली मराकेश येथे झालेल्या करारात ह्यासाठी मोकळीक ठरली, आणि २०१४ साली त्या करारास सर्वांत आधी मान्यता देणारा देश आपला भारत होय. २०१६ साली आपल्याकडे दिव्यांगांच्या हक्कांचा नवा कायदाही झाला. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, व त्याखाली खेडोपाडी ग्रंथालये आहेत. अंधांचे वाङ्मय आपल्या टपालखात्यातूनही फुकट जाते. तेव्हा आज लिपी आहे, कायदा आहे, आणि टपालही आहे. मग उणीव कशाची?

आम्हांस वाटते, उणीव विचारपूस करण्याची आहे. आपल्या गावच्या ग्रंथालयाच्या चालकांनी, व मंडळीतील वडीलधाऱ्यांनी, ह्या महिन्यात एवढे करून पाहावे. गावात न दिसणारी किंवा अधू दृष्टीची किती माणसे आहेत ह्याची यादी करावी. त्यांच्या घरी जावे, व त्यांस काय वाचावेसे वाटते हे त्यांनाच विचारावे. त्यांच्यासाठी आपणच परभारे ठरवू नये. कोणास ब्रेल येत असेल, तर शहरातील अंधांच्या संस्थेकडून टपालाने पुस्तके मागवावी. ज्यास येत नाही, त्यास बोलके पुस्तक मोबाईलवर लावून द्यावे. आठवड्यातून एक तास कोणी तरी मोठ्याने वाचावे. दाराची पायरी उंच असेल, तर तेथे उतार करावा, म्हणजे कुबडीवाल्यास व चाकाच्या खुर्चीवाल्यासही आत येता येईल. ह्यांपैकी पुष्कळ गोष्टींस पैसा लागत नाही.

द्युफो ह्यांच्यासारखे सद्‌हेतू आपल्यापाशीही आहेत. परंतु शाळेतील त्या मुलांस नुसता सद्‌हेतू पुरला नाही. त्यांस पुस्तक हवे होते, व ते त्यांच्या बोटांस कळेल असे हवे होते. कूव्रेच्या शाळेत इतर मुलांनी पुस्तके उघडिली असता हात मांडीवर ठेवून बसलेला तो लहान मुलगा आपण विसरू नये. तसे एखादे मूल, किंवा एखादा वृद्ध, आपल्याही गावी आज बसलेला असेल. त्याच्यापर्यंत पुस्तक नेणे, हे आपले काम आहे.